कुंकवाने चिकटलेली बटणं

खंडेनवमीला कुंकू कालवताना सुनेचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. विळी-कोयत्याबरोबर मी त्याच्याही बटणांना ओलं कुंकू लावलं आणि बटणं चिकटली.

"आत्ती, दुपारी शाळेचे पेपर टाइप करून द्यायचेत की! काम जाईल माझं."

"मग उघड की. रडून काय हुतंय?"

तिने वायर काढली आणि चमच्याने एकेक बटण उचकटलं. प्रत्येकाखाली एवढंसं मऊ रबर होतं. मी कोरड्या फडक्याने पुसत होते आणि रबर दाबून बघत होते. पेपर वेळेत गेले.

तेव्हा ओशाळले होते. आता सुनेच्या मोबाईलला नुसती काच आहे. कुंकू लगेच पुसलं जातं आणि आतलं काहीच दिसत नाही. त्या चुकीने बघायला तरी मिळालं.