डिकीतले दगड

ती गाडी मला आजही दिसते. पांढरी, सात माणसांची, नवी कोरी, पुढच्या काचेला अजून शोरूमचं तोरण. रोह्याच्या अलीकडे डोंगरउतारावर एक गाव आहे. तिथल्या एका घराच्या अंगणातून घसरत ती खाली नळाच्या कट्ट्यावर जाऊन आदळली होती आणि कट्ट्यावर पाय धुणारी घरची म्हातारी तिच्याखाली सापडली होती. मी पोचलो तोवर गावकऱ्यांनी गाडी उचलून म्हातारीला बाहेर काढलं होतं, रुग्णवाहिका निघून गेली होती. सून पायरीवर बसलेली. हातात चहाची गाळणी. ठाण्यात येईपर्यंत तिने ती सोडली नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षा देऊन फौजदार झालेलाही पहिला. हे मी अभिमानाने सांगतो. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण या एका प्रकरणाने मला जेवढं थक्क केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही. नावं कोणाचीच देत नाही, गाडी बनवणाऱ्या कंपनीचंही नाही.

सुरुवातीला आम्ही साधा अपघात म्हणून नोंद केली. पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. "तो अपघात नाय. सुनेनं मुद्दाम गाडी सोडली. शेजारच्यांना इचारा." एवढं बोलून फोन बंद.

शेजाऱ्यांना विचारलं. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. त्या दिवशी सून तिला तपासणीला घेऊन गेली होती आणि ताम्हिणी घाट उतरून दुपारी दोघी परत आल्या होत्या. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. गावात गाडी चालवणारी बाई ही एकटीच. अंगणात उतरताना दोघींचं वाजलं. कारण काय, तर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा सासूने काढून पदरात बांधला होता. सून ओरडली ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं होतं. "पुढच्या येळी मी नेणार नाय तुम्हाला. मरा नायतर जगा!"

त्यानंतर सून घरात गेली. औषधांची पिशवी राहिली म्हणून परत गाडीपाशी आली, दार उघडून पिशवी घेतली, पुन्हा घरात. तिने चहा टाकला. आणि मग गाडी गेली.

आमचे हवालदार जुने, जिभेला धार असलेले. त्यांनी हिशेब मांडला. "साहेब, बाई हँडब्रेक विसरली असती तर गाडी तेव्हाच सुटली असती. चहाला उकळी येईस्तवर थांबली कशाला? गाडीला काय चहा प्यायचा होता? पिशवीच्या निमित्तानं आली तेव्हा सोडली तिनं."

मला त्यात खोट दिसेना. गाडीला जुन्या पद्धतीचा ओढायचा हँडब्रेक नव्हता, बटण होतं. मोटार वाहन निरीक्षकांनी ठाण्याच्या आवारात गाडी तपासली. ब्रेक उत्तम, बटण उत्तम. शिवाय एक गोष्ट त्यांनी ठासून लिहिली: चावी फिरवून पायाने ब्रेक दाबल्याशिवाय ते बटण सुटतच नाही. नुसता हात लागून सुटणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी आत बसून, चावी लावून, पाय देऊन ब्रेक सोडला असला पाहिजे. चावी सुनेकडे होती. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं, सुनेला अटक झाली. सासू मुंबईच्या रुग्णालयात, कंबरेचं हाड मोडलेलं, तोंडात नळी. तिचा जबाब मिळण्यासारखा नव्हता.

महिला पोलिसांच्या हजेरीत मी सुनेची चौकशी केली. गुन्हेगार प्रश्नाला प्रश्न विचारतो, घाम पुसतो, पाणी मागतो. ही सरळ बघत होती.

"गाडी उभी केल्यावर बटण दाबलं होतं?"

"दाबलं असंल."

"असंल म्हणजे? दाबलं का नाही?"

"रोज दाबते, साहेब. त्या दिवशी दाबलं का, ते आता मलाच आठवत नाय."

"गिअरमध्ये ठेवली होती?"

"नाय. शोरूमवाल्यांनी सांगितलेलं, बटण दाबलं का विसरा."

"पिशवी घ्यायला गेलात तेव्हा आत बसलात?"

"वाकले. हात लागला असंल कुठं." मग ती म्हणाली, "तुम्ही एवढं सगळं सांगताय तर मीच केलं असंल. लिहा. माझ्याच हातची गाडी होती. दुसरं कोण करणार?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लेखी काम झालं होतं. मला मात्र तो कबुलीजबाब घशाखाली उतरेना. राग धरून माणूस चिरडायला निघालेली बाई चहा कशाला टाकेल? तोही दोघींचा. भांड्यात दोघींपुरतं पाणी होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं.

तिचे वडील पेणच्या खाडीकडचे, जन्म मिठागरात गेलेला. नातवंडांना स्वतःच्या घरी ठेवून ते रोज डबा घेऊन यायचे. एकदा मला म्हणाले, "सायब, माज्या पोरीला कोंबरी कापताना बगवत नाय. ती मान्साव गारी घालंल?" प्रत्येक आरोपीचा बाप असंच सांगतो.

कोठडीची मुदत संपत आली होती. त्यातच एका बंदोबस्ताच्या बैठकीसाठी मी आणि हवालदार कोलाडला गेलो. सकाळची वेळ. हायवेवरच्या एका हॉटेलात मिसळ सांगितली. हॉटेलचं आवार उताराचं आहे. तिथे तशीच एक गाडी उभी दिसली. तेच मॉडेल, पुण्याचा नंबर. मागच्या चाकाखाली एक काळा दगड सरकवलेला.

ट्रकच्या चाकाला दगड लावतात, ते नवल नाही. पण बटणाचा ब्रेक असलेल्या नव्या गाडीला? तेवढ्यात त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली. चालक उतरला, डिकी उघडली, लाकडाचा ठोकळा काढला आणि चाकाखाली सारला. इतक्या सवयीने, की बायकोशी बोलणंसुद्धा थांबवलं नाही.

मी पहिल्या गाडीवाल्यांच्या टेबलाशी गेलो. नवराबायको आणि दोन मुली. ओळख दिली आणि विचारलं, "गाडी नवी दिसते. दगड कशाला?"

"सवय हो, दुसरं काही नाही," नवरा म्हणाला.

बायको हसली. "सवय कसली? खरं सांगा की साहेबांना. आमची गाडी एकदा आम्हाला न घेताच निघाली होती!"

"अगं, हळू बोल."

"हळू काय? कुंपणाला जाऊन टेकली. ह्यांना वाटलं मी ब्रेक लावला नाही, मला वाटलं ह्यांनी. आठवडाभर बोलत नव्हतो एकमेकांशी."

"तक्रार केली नाही?"

"केली ना. सर्व्हिस सेंटरला नेली. ते म्हणाले, ब्रेक ठणठणीत आहे, तुम्हीच विसरला असाल." नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "मलाही तसंच वाटलं, साहेब. एवढ्या हौसेने घेतलेली गाडी. लोकांसमोर नावं कशाला ठेवायची? तेव्हापासून दगड ठेवतो. तुम्ही पण कोणाला सांगू नका."

मी नाव न घेता त्यांना त्या सुनेची हकीकत सांगितली. बाईंचा चेहरा उतरला. या गाडीच्या मालकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. सहलीचे फोटो, गाडीच्या पूजेचे फोटो, सीट कव्हरची चौकशी, एवढंच तिथे चालायचं. बाईंनी नवऱ्याचा फोन घेतला आणि तिथल्या तिथे लिहिलं: "ज्यांच्या डिकीत दगड आहे त्यांनी फोटो टाका. एका बाईचं आयुष्य अडकलंय."

मिसळ आली. मी पहिला घास घेणार तोच त्यांचा फोन वाजला. एका जांभ्या दगडाचा फोटो. मग विटेचा तुकडा. मग फरशी. मग फोन वाजायचा थांबेचना. वरवंटा, व्यायामाचा डंबेल, नदीतला गोटा, संगमरवराचा तुकडा, कोणाच्या आजोबांनी तासून दिलेला सागाचा ठोकळा. कोकणातून, देशावरून, कर्नाटकातून, पार हिमाचलातून. प्रत्येक फोटोखाली जवळजवळ तेच शब्द. मला वाटलं मीच विसरलो. मला वाटलं मुलाने बटण दाबलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं आमच्याच गाडीत असं आहे.

हवालदार तो फोन हातात धरून उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "एवढी माणसं, आणि सगळी आपापला दगड लपवून बसलीत?"

मी त्या गाड्यांची चौकशी एखाद्या संशयिताची करावी तशी केली. संशयिताला आम्ही हमखास एक प्रश्न विचारतो: इथे येण्याआधी तू कुठे होतास? फोनवरून एकेका मालकाला मी तेच विचारलं. गाडी सुटली त्याआधी कुठून आला होता? कुंभार्ली उतरून. आंबोली उतरून. सिंहगडावरून खाली. मनालीहून खाली. जो तो उतरूनच आला होता. सपाटीवरून आलेला एकही सापडेना.

मी हे मोटार वाहन निरीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मी गाडी थंड तपासली." आणि त्यांनी मला समजेल असं सांगितलं. घाट उतरताना ब्रेकच्या चकत्या तापतात, फुगतात. बटण दाबलं की ब्रेक त्या फुगलेल्या चकतीला आवळतो. चकती निवली की आकसते आणि पकड ढिली पडते. म्हणून गाडीने थोड्या वेळाने आपणहून पुन्हा आवळायचं असतं. या गाडीला तेवढंच आवळायची आठवण राहत नसावी. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, ती निवताना चाकाला घट्ट बसते. इथे निवणंच उलटं पडत होतं.

न्यायालयाची परवानगी घेतली. पंच, कॅमेरा, वाळूची पोती, सगळा सरंजाम. निरीक्षकांनी मुद्देमालातली तीच गाडी ताम्हिणीतून खाली आणली आणि थेट त्या अंगणात उभी केली. गिअर न लावता सर्वांसमोर बटण दाबलं, चावी काढून माझ्या हातात दिली, दारं बंद केली. सुनेला महिला पोलीस घेऊन आल्या होत्या. ती पायरीपाशी उभी राहिली. सारं गाव गोळा झालेलं.

गाडी हलेना. ऊन चढत होतं. लोक कुजबुजायला लागले. हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, ही जायची नाय. आपल्या दोघांची नोकरी मात्र जाईल."

आणि मग मागच्या चाकात बारीकसा कट् असा आवाज झाला. गाडी निघाली. आत कोणी नाही, इंजिन बंद, चावी माझ्या मुठीत. एखादं मोठं जनावर झोपेतून उठून चालायला लागावं तशी ती सावकाश, गुमान उतरत गेली आणि वाळूच्या पोत्यांत जाऊन रुतली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने नकळत हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. बंदुकीसमोर उभा राहिलोय मी, तेव्हाही आला नव्हता.

सून माझ्याकडे आली. महिला पोलिसाने तिला अडवलं नाही.

"साहेब, म्हणजे मी बटण दाबलं होतं?"

"दाबलं होतं."

"नक्की ना?"

"नक्की, ताई."

कोठडीत ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती तिथेच मातीत बसली आणि रडली.

पुढचं सगळं कागदाच्या वाटेने झालं. तिची सुटका झाली आणि आम्ही न्यायालयाला सी समरी पाठवली. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाही घडला नव्हता, समजुतीचा घोटाळा होता. गाडीच्या कंपनीने आधी 'आमच्याकडे अशी तक्रारच नाही' असं कळवलं. मग मालकांनीच लेखी जबाब पाठवले. यातले कितीतरी जण गाडी विकायच्या विचारात होते, तक्रार उघड झाली तर किंमत पडणार हे त्यांना कळत होतं, तरी सही केली. कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांनीही गाडी घाटातून उतरवून पाहिली. काही महिन्यांनी त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. ग्रुपवर तो संदेश आला तेव्हा पुण्याच्या त्या बाईंनी मला आवर्जून फोन केला.

सासू बोलायला लागल्यावर मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. सून उशाशी बसून तिला पेज भरवत होती. मी कोण, ते म्हातारीला आधी कळेना. मग सगळं ऐकून घेतलं आणि सुनेचा हात धरला.

"तू मुद्दाम केलं नायस ते मला पयल्यापासून ठावं होतं गो. पण इसरली असशील, असं मात्र माज्या मनात आलेलं. त्याचं वाईट वाटतं."

"माझ्यापण तेच मनात आलेलं, आई," सून म्हणाली. "चष्मा लावा आता. ऊन येतंय खिडकीतून."

म्हातारीने मुकाट्याने चष्मा लावला.

माणूस खोटं कसं बोलतो, हे ओळखायला आम्हाला शिकवतात. हात कुठे जातो, नजर कुठे जाते, गोष्ट कुठे बदलते. मी त्यात तरबेज होतो, अजूनही आहे. पण स्वतःला वाचवायला खोटं बोलणाऱ्यांसाठी ते शिक्षण आहे. सरळमार्गी माणूस, काही बिघडलं की आधी स्वतःकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो, आणि अशी गप्प बसलेली माणसं देशभर विखुरलेली असू शकतात, हे कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. त्यानंतर माझ्यासमोर कोणी "माझंच चुकलं असेल" म्हणालं की मी पेन खाली ठेवायचो, चहा मागवायचो आणि विचारायचो, बरं, त्याआधी काय झालं ते सांगा.