प्रियंकासाठी शिंगाळा

दिवस गेलेली लेक प्रियंका दोन दिवसांसाठी माहेरी आली आणि तिला डोहाळे लागले ते शिंगाळ्याच्या कालवणाचे. तेही बाजारातल्या माशाचं नको, आबांनी भीमेतनं धरलेल्याचंच! सासर वैरागचं, माळकऱ्यांचं. तिथं माशाचं नावही काढायची सोय नाही. जावई आज दुपारी न्यायला येणार, म्हणजे त्याच्या आत मासा चुलीवर पाहिजे.

तिच्या आबांना, म्हणजे तात्याबाला वाटलं, त्यात काय! मेंढरं राखता राखता सगळी हयात नदीकाठी गेलेली. डोहाच्या संथ पाण्याला चालतो तसा गळ करून तो सकाळीच निघाला. दोरीला थर्माकोलचा तुकडा, खाली गांडूळ. काठावर येऊन बघतो तर नदी पळत होती. सोलापूरला प्यायला म्हणून नेमकं उजनीचं पाणी सोडलेलं!

"आजच सुचलं व्हय रं तुमास्नी?" तो नदीवरच खेकसला. धारेत टाकलेला थर्माकोल गांडुळासकट केव्हाच काठाला येऊन लागला होता.

शिंगाळा तळाला मिशांनी चाचपत खाणारा. गळ तळालाच बसला पाहिजे. तात्याबानं शिसं बांधलं, ते खडकाच्या फटीत अडकलं आणि दोरी तुटली. दुसरं बारीक बांधलं, ते धारेला टिकेना. मग पाण्याच्या मोटारीच्या खोपीतला गंजका नट आणून घट्ट बांधला. बसला एकदाचा! पण मासा ओढायचा, वजन लागलं की सोडून द्यायचा. दरवेळी गांडूळ अर्धं खाल्लेलं.

"फुकटखाऊ मेला!"

तेवढ्यात बायकोचा, गोजाबाईचा फोन. "अवं, पावणं आल्यात. जेवल्यात बी. उजेडात घर गाठायचं म्हणत्यात."

"थांबीव की जरा!"

चरफडत त्यानं नट सोडला आणि दोरी त्याच्या भोकातून नुसती ओवली. नट गळापर्यंत घसरू नये म्हणून गळाच्या वीतभर वर दोरीत काडी घालून गाठ मारली. आता नट तळाला पडून राहणार, दोरी मोकळी सरकणार आणि माशाला वजन कळणार नाही. हे आधी का सुचलं नाही म्हणून त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या.

दोरी सरसर गेली. या खेपेला मासा सुटला नाही.

मासा खांद्यावर टाकून तात्याबा धापा टाकत घरी आला. अंगणात गाडी नव्हती. गोजाबाई एकटीच कपबशा विसळत होती. "लई वाट बघितली पोरीनं," ती म्हणाली. तात्याबानं मासा घमेल्यात टाकला.

फोन वाजला. प्रियंकाच होती. "आबा, घावला का वं?"

गोजाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"घावला की. पर लई बारका गं. नुसतं काटंच. बरं झालं गेलीस, तुला खायाला जमलं नसतं."

"मग द्या सोडून."

"दिला की मगाशीच."

फोन ठेवला. हातभर शिंगाळा घमेल्यात मावत नव्हता, शेपूट बाहेर लोंबत होतं. "शेजारी कुणाला तरी दिऊन टाक," तात्याबा म्हणाला, "मला नगं."