थांबा, मग मारा

करीम उस्ताद गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा लातुरात माझ्या खिडकीखाली पोलीस भरतीच्या क्लासची पोरं रस्ता अडवून उभी होती. क्लासच्या फलकावर उस्तादांचा पिस्तूल रोखलेला फोटो अजून आहे. त्यांनी तिथे आठवड्याला एक तास मागितला होता, चालता चालता नेम कसा धरायचा ते शिकवायला. परीक्षेत नाही ते कशाला, म्हणून क्लासवाल्यांनी नकार दिला आणि फोटो तेवढा ठेवून घेतला. महिना झाला, तो फलक दिसला की माझं डोकं फिरतं.

भूकंपाच्या वर्षी मी नांदेडला पोलिसात लागलो. उस्ताद आमचे फायरिंगचे शिक्षक. ढिगारा झालेल्या गावांत बंदोबस्ताला गेलो, तर पडक्या दगडांवरून डोक्यावर भरली घागर घेऊन येणाऱ्या बायका त्यांनी आम्हाला दाखवल्या. कमरेखाली चालायचं, कमरेच्या वर थांबायचं, हे त्यांचं सगळं शास्त्र. गुडघे सैल, पाऊल आखूड, टाच आधी. पिस्तूल थोडं डुलणारच, ते स्थिर व्हायची वाट बघत ट्रिगरला झटका द्यायचा नाही, हळू दाबत न्यायचा. विष्णुपुरीकडच्या मैदानावर रिकाम्या पिस्तुलानं ते आम्हाला आठवडा आठवडा नुसतं चालवत.

मग नवे साहेब आले. चालत मारलेल्या गोळ्या इकडेतिकडे जातात, निकाल खराब दिसतो, म्हणून तो सराव बंद. उस्ताद भांडले, तर त्यांना गेटवर पहाऱ्याला बसवलं आणि त्यांची जागा मला दिली. मी घेतली. खुशीत घेतली, खोटं कशाला बोलू... आणि पुढं वर्षानुवर्षं पोरांच्या कानात ओरडत राहिलो, थांबा, मग मारा.

गंगाधर माझ्याच हाताखाली शिकला. भोकरच्या रस्त्यावर दरोडेखोरांमागे धावताना समोरून गोळी आली आणि हा थांबला. आडोसा चार पावलांवर होता. भर रस्त्यात पाय रोवून, दोन्ही हात ताणून उभा राहिला, मी उभा करायचो अगदी तसा... दुसरी गोळी छातीत लागली. दवाखान्याच्या आवारात उस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "लई नीट उभा राहिला व्हता म्हणे. पाय बी बरोबर व्हते." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

उस्तादांच्या शोकसभेत, आता निवृत्त झालेल्या त्याच साहेबांनी, उस्तादांनी पिढ्या घडवल्या म्हणून गळा काढला. मी उठून विचारलं, मग त्यांना गेटवर कुणी बसवलं होतं? कुणीतरी मला हाताला धरून खाली बसवलं. साहेबांची चीड येतेच, पण माझी त्याहून जास्त येते. त्यांना नेमबाजी कळत नव्हती, मला कळत होती.

परवा नांदेडला उस्तादांच्या घरी गेलो. दाराशी त्यांचे काळे बूट तसेच होते, टाचा पार झिजलेल्या, पुढचा भाग शाबूत. भाभींनी ते उचलून माझ्यापुढं ठेवले. "तुमच्याच मापाचे हायत, भाऊ. घेऊन जा." उस्तादांची जागा मला देऊ केली, त्या दिवशी जे म्हणायला हवं होतं, ते मी त्या दारात म्हणालो.

"नको, भाभी."