धीर देण्याचा कार्यक्रम

आमची शाळा बंद होणार ही बातमी दर उन्हाळ्यात येते, आणि सोलापुरात उन्हाळा जवळपास वर्षभर असतो. पटसंख्या घसरलीय, वरून आदेश निघणार, आपल्याला मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळून टाकणार, असं कुणीतरी कुणाला तरी सांगतं. ती बातमी यंत्रमागांच्या गल्ल्यांतून फिरते, प्रत्येक दारात थोडी फुगते आणि संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी परत येते. तिथे आम्ही शिक्षक उभेच असतो. आम्हाला काही माहीत नाही, असं आम्ही सांगतो. हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो, की ऐकणाऱ्याची खात्रीच पटते.

गेल्या वर्षी तर माझ्या तिसरीच्या वर्गाने मधल्या सुट्टीत नवा खेळ काढला, शाळाबंद-शाळाबंद. एकजण हेडसर व्हायचा, एक चुणचुणीत मुलगी गाडीतून उतरणारा साहेब व्हायची, आणि बाकीच्यांनी रडायचं. रडायला मीच शिकवलं होतं, संमेलनातल्या नाटकासाठी. त्यामुळे ते फारच सुंदर व्हायचं. मी व्हरांड्यातून बघायची आणि मनातल्या मनात त्यांच्या रडण्याच्या जागा सुधारायची.

हेडसरांनी एकदा तो खेळ पाहिला. त्यांना काही तो आवडला नाही.

"बाई, मुलं घाबरलीत. पालक घाबरलेत. धीर द्यायला पाहिजे. एक कार्यक्रम घेऊ."

आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर कार्यक्रम हाच इलाज असतो. आणि कार्यक्रम म्हटला की सत्कार आला, सत्कार म्हटला की शाल आणि नारळ. कुणाचा करायचा हा प्रश्न मागाहून पडतो. पाहुण्यांचे सत्कार उरकले तरी शाली उरल्या, तेव्हा आम्हा शिक्षकांचेही करून टाकायचं ठरलं. एवढी वर्षं सेवा केली म्हणून. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे होतं. माईक हातात आला की माझा आवाज आपोआप दाटून येतो. त्यासाठी मला दुःख व्हावं लागत नाही.

त्या दिवशी तर मी कमालच केली. या भिंतींनी काय काय पाहिलं, या पायऱ्यांवरून किती पावलं गेली, वगैरे. संस्थेचे एक वयस्कर पदाधिकारी उठले आणि म्हणाले, "ही शाळा आपल्या सगळ्यांच्या हृदयात कायम राहील." टाळ्या पडल्या. मग शाली पांघरून, घामाघूम होऊन, मुलांना पुढे बसवून आम्ही सामुदायिक फोटो काढला. मागच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. धीर पोचला, असं मी हेडसरांच्या कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिससमोर रांग लागली होती. सगळ्यांना पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले हवे होते.

रांगेत पहिली होती खेळातल्या आमच्या 'साहेबा'ची आई. शाळेच्या मागच्या गल्लीत राहायची आणि विड्या वळायची. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी खास सोलापुरी. लेक तिच्या पाठीमागे उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

"दाखला कशाला ओ?" मी विचारलं. "काल एवढं सांगितलं की आम्ही."

"सांगितलं की. म्हनून तर आले."

"शाळा चालूच राहणार, हेच सांगत होतो."

"बाई, माझ्या सासऱ्याला मिलमधी अशीच शाल दिली होती. नारळ दिला, फोटो काढला, साहेबानं लई गोड भाषण केलं. महिनाभरात मिलला कुलूप." तिने ऑफिसच्या खिडकीकडे बोट केलं. "तुमी तर सगळ्यांनीच शाली घेतल्या."

माझी शाल अजून टेबलावर घडी घालून पडली होती.

"बरं, दाखला घेऊन तिला घालणार कुठे? रस्त्यापलीकडे?"

"त्या रस्त्यावरून सोडनार कोन? मी पानं कापू, का पोरगी सोडू? ऱ्हाईल घरी. धाकटा हाय सांभाळायला. हळूहळू विड्या शिकंल."

हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मुलगी आईच्या पदराचं टोक पिळतच राहिली. साहेबाच्या भूमिकेत तिच्या तोंडी भरपूर संवाद असायचे.

तेवढ्यात आईने मला विचारलं, "आन् शाळा बंद झाली, तर तुमचं काय?"

"आमचं समायोजन होतं."

"म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवतात. बार्शीला, मोहोळला, जिथे जागा असेल तिथे."

"पगार?"

"तोच."

"बरं हाय की," ती म्हणाली. मला ते आयुष्यातल्या सगळ्या टाळ्यांपेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

सगळ्यांचेच दाखले मी दोन दिवसांवर ढकलले. क्लार्क रजेवर आहे, असं सांगितलं. क्लार्क माझ्या मागेच बसला होता. त्याने निमूट मान खाली घातली.

आता शाळा बंद होईल की नाही, हे माझ्या हातात नव्हतं. पण मला नाटकातलं एक कळतं. नटाला रंगमंचाची भीती वाटत असेल तर त्याला समजावत बसायचं नाही, रिकाम्या रंगमंचावर एकदा चालवून आणायचं. मी हेडसरांकडून परिसर भेटीची परवानगी काढली. कुठल्या परिसराला भेट, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुलांच्या आयांनाही बोलावलं. साहेबाची आई धाकट्याला कडेवर घेऊन आली, कपाळाला आठ्या घालून.

मोठ्या रस्त्याशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. ट्रक, रिक्षा, उसाच्या ट्रॉल्या. सिग्नल होता, पण तो आपल्या मर्जीने चालायचा. शेवटी त्या आईनेच कडेवरचं पोर माझ्याकडे दिलं, रस्त्यात उतरली आणि एका ट्रकवाल्यापुढे हात आडवा धरला. तेलुगूत त्याला काहीतरी म्हणाली. त्याने करकचून ब्रेक लावला. माझा सगळा वर्ग तिच्या हाताखालून पलीकडे गेला.

पलीकडच्या शाळेला घसरगुंडी होती. पुढचं सांगायलाच नको. मुलांना धीर देण्यासाठी मी रस्ताभर जे जे घोकलं होतं, ते ऐकायला कुणी जागेवरच नव्हतं. तिथल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तुमचा पट किती हो? आम्हालाच तुमच्या शाळेत मिसळणार म्हणतात. आमची मुलं रडतात नुसती."

साहेबाची आई शेजारीच उभी होती. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्या बाईंकडे. मग तिला जे हसू फुटलं, ते पदर तोंडात कोंबून आवरेना. "त्येनी हिकडं, आमी तिकडं," ती म्हणाली. "निस्ता रस्ताच वलांडायचा की!"

दाखला न्यायला ती आलीच नाही, रांगेतलं दुसरंही कुणी आलं नाही. मीही आठवण केली नाही. वर्गाचं मात्र भलतंच झालं. घसरगुंडीची चटक लागलेली ती मंडळी रोज सकाळी मला विचारू लागली, "बाई, आपली शाळा कधी बंद होणार?" उत्तर ऐकून हिरमुसायची. एवढी वर्षं रंगभूमी गाजवून इतका सपशेल पडलेला प्रयोग मी दुसरा केलेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हाही वरचं काहीच ठरलेलं नव्हतं. ठरलेलं अजूनही नाही. पहिल्या दिवशी मी फाटकाशी जरा लवकरच उभी राहिले. मुलं आली, ओवाळून झालं, आणि त्या मायलेकी दिसेनात. घंटा व्हायच्या बेतात असताना त्या गल्लीतून आल्या. आईच्या काखेत वळलेल्या विड्यांची पाटी होती, कारखान्यात पोचवायची. लेकीच्या पाठीवर दप्तर होतं.

आई फाटकाबाहेरच थांबली.

"बाई, आज हितंच ना? का पलीकडं?"

"आज इथंच."

"बरं," असं म्हणून तिने लेकीला आत ढकललं आणि ती विड्या पोचवायला निघून गेली.