पवनचक्कीचा रस्ता आणि उपाशी साक्षीदार

सोलापूर सोडून हैदराबाद रस्त्याला लागलो, तेव्हाच इंग्रिडबाईंनी मला बजावले, "आज कुणाकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही."

सातासमुद्रापलीकडची एक बँक लोहाऱ्याजवळच्या पवनचक्क्यांना कर्ज देणार होती. परदेशी पैसा, आंतरराष्ट्रीय करार, शाश्वत विकास, असा सगळा थाट. करारात अट होती की, ज्यांच्या शिवारातून पवनचक्क्यांचा रस्ता जाणार त्यांचे म्हणणे बँकेच्या माणसाने समक्ष ऐकावे, पण त्यांच्याकडून काहीही घेऊ नये. बाई बँकेच्या, मी पुण्याचा वकील आणि दुभाषाही मीच. उपाशीपोटी कायदा सांगायचा मला मुळीच सराव नाही.

अणदूर मागे पडले. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आली होती, मधूनच तुरीचे पिवळे पट्टे. गावात पोचलो तर समाजमंदिरात खुर्च्या मांडलेल्या आणि माणूस एकही नाही. सभेला फक्त एक शेळी हजर होती. तीही भिंतीवरची आमची नोटीस चावत होती.

आमचे चालक गफूरभाई उमरग्याचे. त्यांनी कपाळावर हात मारला. "सायेब, आज येळवस हाय! (वेळ अमावस्या, या दिवशी सगळा गाव शेतात जाऊन एकमेकांकडे जेवतो.) गावात कुत्रं बी घावायचं न्हाय."

सभेची तारीख बँकेच्या मुख्य कचेरीने ठरवली होती. तिथल्या कॅलेंडरात अमावस्या नसते. दुसऱ्या दिवशी बाईंचे विमान होते. आज कुणाची हरकत नोंदली गेली नाही, तर रस्ता नकाशाबरहुकूम होणार होता. तेव्हा आम्हीच शेतात निघालो.

पहिल्याच बांधावर एक गृहस्थ जीपसमोर आडवे उभे राहिले. "पाव्हणं, जेवल्याबिगर पुढं न्हाय." बाईंनी हात जोडून नकार दिला, तर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच चोरट्यासारखे झाले. पुढच्या शेतातही तेच. रस्त्याविषयी कुणी चकार शब्द काढेना.

मग गोदामावशींचे शेत आले. मावशी सत्तरीच्या, आवाज मात्र खणखणीत. शेतात कडब्याची कोप (खोपटी) उभारलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. मावशींच्या सासूपासून पूजा त्याच जागी. नकाशावरचा रस्ता नेमका या पांडवांच्या डोक्यावरून जात होता.

"मला लई बोलायचं हाय," मावशी म्हणाल्या. "पण आदी जेवा. येळवशीला उपाशी माणसासंगं कुनी वाद घालत न्हाय."

मी बाईंना त्याच करारातले दुसरे कलम दाखवले: स्थानिक रूढींचा मान राखावा. इतका कळवळून युक्तिवाद मी आयुष्यात केला नव्हता. अशील माझे पोटच होते. बाई विचारात पडल्या. तेवढ्यात गफूरभाई बोटे चाटताना दिसले आणि बाईंनी बसकण मारली.

भज्जी (डाळी, कोवळे दाणे आणि भाज्यांचे बेसन लावून केलेले कालवण), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), वर गार आंबील (ज्वारीचे आंबवलेले, ताक घातलेले पेय). बाईंनी आंबिलीचा तांब्या जवळच ओढून घेतला.

"रस्ता नगं असं न्हाय," मावशींनी सांगितले. "वारं न्या तुमी. फकस्त जरा बांधाकडनं न्या." बाईंनी पेन्सिलीने नकाशावर वळण काढले.

आणि हातातला घास खाली ठेवून त्यांनी करार पुन्हा उघडला. त्यानुसार वळणाखाली साक्षीदार म्हणून अशा गावकऱ्याची सही हवी होती, ज्याने त्या दिवशी कुणाचाही पाहुणचार घेतलेला नाही. येळवशीला! गफूरभाईंना उपाशी माणूस शोधायला पाठवले, तर ते आणखी दोन शेतांत जेवून परत आले.

"काय हुडकायलाव तुमी?" मावशींनी विचारले.

"न जेवलेला माणूस," मी म्हणालो.

"मग म्या काय जेवले व्हय? तुमाला वाढता वाढता येळच घावला न्हाय."

मला तर हातातल्या उंड्याची लाज वाटली. जिचे शेत तीच साक्षीदार, हे कायदेपंडितांना रुचणार नाही. पण कलमात तशी मनाई नव्हती. मावशींनी गोल गोल अक्षरांत सही केली. मग बाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवले, पळी घेतली आणि वाढायला लागल्या. मावशींचे जेवण होईपर्यंत त्यांनी गाडी हलू दिली नाही.

पुण्यात परतल्यावर बरेच दिवस माझी धाकधूक चालू होती. शेवटी मंजूर नकाशा आला. रस्ता पांडवांना बगल देऊन बांधाकडून गेला होता. मोठमोठ्या करारांवर मी वाद घातले आहेत, पण इतका आनंद कशानेच झाला नव्हता. वळणाच्या कारणाच्या रकान्यात इंग्रिडबाईंनी एकच ओळ लिहिली होती: "इथे आधी जेवायचे असते."