अक्का वाकली ती जागा

तापलेल्या डांबरावर नारळाचं पाणी सांडलं की एक गोडसर, करपट वास उठतो आणि मला अक्काची पाठवणी आठवते. आमच्या गावची रीत अशी, की सासरी निघालेली लेक वेशीपाशी उतरते, नारळ फोडते, उंबऱ्याला कपाळ टेकवते आणि मग मागं वळून बघत नाही. पण लाल जांभ्या दगडाची ती वेस रस्ता रुंद करताना पाडली होती, आणि त्यानंतरचं पहिलं लग्न अक्काचं. सोडायला आम्ही सगळे जीपमागं चालत होतो. जीप थांबलीच नाही. "वेस मागं राहिली की!" आतून अक्का ओरडली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "आता गाडी मागं घ्यायची न्हाई, अपशकुन हाय." "मग मी चालत जाते," म्हणत ती उतरलीच. काका म्हणे वेस लिंबापाशी होती, आई म्हणे, "न्हाई वं, हापशाजवळ." मागं ट्रक हॉर्न वाजवत होते, मामा घड्याळ बघत होता, अक्काचे अनवाणी पाय भाजत होते. शेवटी कुणाचंच न ऐकता तिनं भर रस्त्यात नारळ आपटला आणि डांबरावर कपाळ टेकवलं. नंतर कधीतरी हापशापलीकडं मला वेशीच्या उंबऱ्याचा दगड सापडला, तरी गावच्या लेकी अजून अक्का वाकली तिथंच उतरतात. परवा माझी लेक उतरली. "अप्पा, वेस हितंच होती न्हवं?" तिनं विचारलं. हापशाकडं न बघता मी म्हणालो, "व्हय."