नाही म्हणणाऱ्याने चुलीपाशी बसावं

पुण्याहून निघताना बायकोने बॅगेत टोपी, गॉगल आणि मीठ-साखरेच्या पुड्या भरल्या. सल्ले मी माझे मीच घेतले. तेहतीस वर्षं बँकेत कर्ज विभाग सांभाळल्यामुळे त्यांचा साठा माझ्याकडे भरपूर आहे, आणि घरात त्यांना गिऱ्हाईक नाही. नागपूरला बहिणीकडे चार दिवस राहायचं, संत्रा बर्फी खायची आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

माझी बहीण वसुधा नागपूरच्या बेसा भागात राहते. शाळेतून निवृत्त झाली, पण तिच्यातली बाई निवृत्त झालेली नाही. पहिल्याच सकाळी तिने मला कोपऱ्यावर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खायला नेलं. "तर्री कमी घे," असं तिने सांगितलं, म्हणून मी दोनदा घेतली. पुढचा अर्धा तास मला उचक्या लागत होत्या आणि पोहेवाला माझ्याकडे काळजीने पाहत होता.

"चल, तुला तुझ्या धंद्यातली माणसं दाखवते," ती म्हणाली. उमरेड रस्त्यावरच्या एका गावात बारा बायकांचा बचत गट आहे. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवायचे आणि त्यातूनच एकमेकींना छोट्या धंद्यासाठी कर्ज द्यायचं, असं त्यांचं चालतं. वसुधा त्यांची वही लिहायला मदत करते. वाटेतला तासभर मी तिला व्याजाचं गणित समजावून सांगितलं. ती गाडी चालवत होती, त्यामुळे उठून जाऊ शकत नव्हती.

बैठक गटाच्या अध्यक्ष इंदूबाईंच्या घरी होती. घर विणकरांचं. हातमाग कधीच गेला, पण विणताना पाय सोडायचा मागाचा खड्डा अजून होता. त्यावर फळ्या टाकून सतरंजी अंथरली होती. पाहुणा म्हणून मला तिथे बसवलं. मी जरा हललो की फळी कुरकुरायची आणि सगळ्या जणी माझ्याकडे पाहायच्या.

त्या दिवशी सुनंदाचा अर्ज होता. सुनंदा पस्तिशीची, कमी बोलणारी. ती लांब रोट्या करून विकते. लांब रोटी म्हणजे उलट्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ आणि हातभर मोठी पोळी. लग्नसराई पंधरा दिवसांवर आली होती, आणि तिला दहा नवी मडकी घ्यायला कर्ज हवं होतं. आधीच्या कर्जाचे दोन हप्ते तिने उशिरा भरले होते.

"भाऊ, तुमी बँकेतले," इंदूबाई म्हणाल्या. "तुमाले काय वाटते, सांगा न."

याची मी निवृत्त झाल्यापासून वाट पाहत होतो. मी घसा साफ केला. मडकं ही फुटणारी वस्तू आहे, फुटणाऱ्या वस्तूवर कर्ज देऊ नये, त्यातून हप्ते थकलेले, तेव्हा आधी एकच मडकं घ्यावं आणि धंदा हळूहळू वाढवावा, असं मी दहा मिनिटं सांगितलं. सुनंदाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"म्हणजे नाही म्हणता?" इंदूबाईंनी विचारलं.

"तत्त्वतः नाही."

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. "मंग उद्या सकाळी सहाले या," इंदूबाई म्हणाल्या. "आमच्या गटात जे नाही म्हणते, त्याले एक दिवस अर्जवालीच्या कामापाशी बसा लागते. संध्याकाळी पुन्हा बसू, तवा सांगाचं, होय का नाही. तोवर कर्ज थांबते."

"पण मी गटाचा सभासद नाही."

"बोलले तं सभासदावानीच."

परतताना मी वसुधाला विचारलं, हा नियम तू आधी का नाही सांगितलास? "रस्त्यात सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू गणित शिकवत होतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सुनंदाच्या अंगणात हजर झालो. दोन चुली पेटल्या होत्या, प्रत्येकीवर एक मडकं पालथं. दुपारी बारापर्यंत साठ रोट्या एका बारशाला द्यायच्या होत्या. गव्हाचं पीठ पाणी घालून तिने इतकं सैल भिजवलं होतं की ते परातीतून उचललं की लोंबायचं. त्याचा गोळा ती या हातावरून त्या हातावर झेलायची, कोपरापर्यंत पसरवायची आणि एका झोक्यात मडक्यावर टाकायची. भोक नाही, सुरकुती नाही. मी पाहतच राहिलो.

गप्प पाहत राहिलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, एक मी करून बघू? पहिली रोटी माझ्या शर्टवर पडली. दुसरी अर्धी मडक्यावर, अर्धी चुलीत गेली, आणि माझ्या उजव्या हातावरचे केस जळाले. सुनंदा खूप हसली. त्या हसण्याने मला चेव आला. घरी बायको डोशाचा तवा तापला का हे पाहायला त्यावर पाणी शिंपडते, ते मला आठवलं. मी ओंजळभर पाणी घेऊन तापलेल्या मडक्यावर शिंपडलं.

मडकं टचकन वाजलं आणि त्याचे उभे दोन तुकडे झाले.

सुनंदाचं हसू थांबलं. ती रागावली नाही, पण तिने आधी उन्हाकडे पाहिलं, मग पिठाकडे. "आत्ता जाऊन नवं आणतो," मी म्हणालो आणि चपला घालायला लागलो.

"बसा, भाऊ. कोरं मडकं दोन दिवस मंद आचेवर शेका लागते. नाही तं पहिल्याच रोटीले तडकते."

"मग आता?"

"आता एकच चूल."

बारा वाजले तेव्हा अडतीस रोट्या झाल्या होत्या. बारशाच्या घरचा माणूस आला, तेवढ्या घेऊन गेला आणि उरलेल्यांऐवजी भात वाढू म्हणाला. उरलेलं पीठ परातीत तसंच पडून होतं.

"मागचे दोन हप्ते," मी विचारलं, "असेच चुकले?"

"हो न. एक मडकं फुटलं का दोन-तीन दिवस अर्धाच धंदा. शेकलेली मडकी घरात ठेवून असली तं एक काढलं, दुसरं ठेवलं. म्हणून दहा मांगून राहिली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकच मडकं घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. मी पाकीट काढलं आणि म्हणालो, दहाही मडक्यांचे पैसे मी देतो, कर्जाची भानगडच नको. तिने एका मडक्याची किंमत मोजून घेतली आणि बाकीच्या नोटा माझ्या हातात परत ठेवल्या.

"फुटलं त्याचे घेतले. बाकीचं कायले देता? मले कर्जच पायजे. हे फेडलं का गट पुढच्या वर्षी मोठं देते. मले रोडवर टपरी टाकाची हाय. दान घेतलं तं टपरी मांगाले कोणत्या तोंडानं जाऊ?"

संध्याकाळी पुन्हा त्याच कुरकुरणाऱ्या फळीवर बसलो. बाकी अकरा जणी समोर. सुनंदा दाराशी, हात पदराला पुसत. दिवसभर काय पाहिलं ते सांगायचं, असा नियम होता. मी सांगितलं. मडकं मीच फोडलं हेही सांगितलं, आणि ते सगळ्यांना दुपारीच कळलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यांवरून समजलं.

"मंग?" इंदूबाईंनी विचारलं. "होय का नाही?"

मी हात वर केला. त्यावर मलम चोपडलेलं होतं. "होय. दहाच्या दहा."

बाकीचे हात वर गेले. सुनंदाने वहीत सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट काढून. मग ती इंदूबाईंशेजारी बसली आणि पुढच्या अर्जावर बोलायला लागली. कालपासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

निघताना तिने मला फडक्यात बांधून चार रोट्या दिल्या. पुण्यात बायकोने त्या मी नागपूरहून आणलेल्या झणझणीत सावजी मसाल्याच्या रश्शाशी वाढल्या आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. मी हात दाखवला.

परतीच्या गाडीत रात्रभर एकच गोष्ट मनात घोळत होती. सेवेत असताना मी किती अर्जांवर 'नाही' लिहिलं याची मोजदाद नाही. माझं अक्षर मला आठवतं, पण अर्ज करणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही, आणि याची मला लाज वाटते. त्या प्रत्येक 'नाही'साठी इंदूबाईंनी एकेक दिवस चुलीपाशी बसवायचं ठरवलं, तर माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही. उजव्या हातावर केस अजून आलेले नाहीत. सही मी त्याच हाताने करायचो.